पाच अक्षरांचं शास्त्र

३ फेब्रुवारी. सकाळी ९.४०

'त्सुगुमी' कॉफीघराच्या फळ्यावर आज माझ्या नावापुढे फुली. खडूची, ठळक, गरजेपेक्षा मोठी. मालक हिबिनो कॉफी बरी करतो. फुली मारताना मात्र त्याच्या अंगात चित्रकार संचारतो.

पुढे संदर्भाला लागेल म्हणून लिहून ठेवतो. रोज पहाटे सहाला फोनवर नवा शब्द येतो. पाच अक्षरी. आपण अंदाजानं शब्द टाकायचे. अक्षर योग्य जागी बसलं तर चौकोन हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर करडा. प्रयत्न सहा, तेवढ्यात नाही सुटला तर फळ्यावर फुली. इचिनोमियातली समस्त रिकामी जनता सध्या हेच करते आणि आठ वाजता टोस्ट-अंडं खात एकमेकांना स्कोअर सांगते. मीही खेळतो, पण अभ्यास म्हणून.

आजचा शब्द का-ता-त्सु-मु-री. गोगलगाय. फेब्रुवारीत! हिवाळ्यात गोगलगाय कोणाच्या डोक्यात येते? मी अडतीस वर्षं वर्तमानपत्रात प्रूफं तपासली. असलं पान माझ्या टेबलावर आलं असतं तर समासात लाल शाईनं 'ऋतू?' असं लिहून परत धाडलं असतं.

समोर केशकर्तनालय चालवणाऱ्या निवाबाईंना तीन प्रयत्नांत आला. कसा, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "काल एका गिऱ्हाइकाचे केस गोल गोल गुंडाळत होते ना योकोईसान, तेव्हा डोक्यात आलीच होती." ह्याला पद्धत म्हणत नाहीत. ह्याला अपघात म्हणतात.

संकल्प : उद्यापासून रोज तीन किंवा कमी.

४ फेब्रुवारी

सहा. म्हणजे यश. रविवारी कोणी नवा नियम लागू करत नाही. उद्यापासून.

५ फेब्रुवारी

फुली. कॉफी पाणचट होती.

७ फेब्रुवारी. संध्याकाळ

शास्त्र तयार.

माळ्यावरचे जुने अंक काढून पहिल्या पानांवरचं एकेक अक्षर मोजलं. आपल्या वर्णमालेतल्या शेहेचाळीस अक्षरांच्या शेहेचाळीस चिठ्ठ्या केल्या, कोणतं किती वेळा येतं त्याप्रमाणे क्रम लावला. सुरुवातीचा शब्दही कायमचा ठरवला : ते-इ-कि-के-न. रेल्वेचा पास. अडतीस वर्षं खिशात होता, विश्वासाचा शब्द आहे. निवाबाई रोज वेगळ्या शब्दानं सुरुवात करतात. न्याहारीला जे खाल्लं असेल ते. हसावं की रडावं.

जेवणाच्या वेळी किनुए म्हणाली, "अहो, चिठ्ठ्या उचला, भांडं ठेवायचंय." उचलल्या. क्रम बिघडला. मग उदोनच्या शेवया निथळता निथळता ती म्हणाली, "त्यात लोक बोलतात ते शब्द असतात. पहिल्या पानावरचे नाही."

बायको असली म्हणून प्रत्येक विषयात मत हवंच असं नाही. तिला ह्या खेळातलं काही कळत नाही. मी कधी विचारलेलं नाही, पण कळत नाही.

९ फेब्रुवारी

आज अन्याय झाला.

माझ्या पासातला शेवटचा 'न' पहिल्याच फटक्यात हिरवा. शास्त्र सिद्ध! मग 'न'वर संपणारे पाच भारदस्त शब्द टाकले. सगळे कार्यालयीन. फुली.

उत्तर : सु-मि-मा-से-न. 'माफ करा.' हा शब्दच नव्हे! क्रियापद, वर नकार, असं अख्खं वाक्य आहे ते. व्याकरणाचा खून.

निवाबाईंना दोन प्रयत्नांत आला. म्हणाल्या, "दिवसातून चाळीस वेळा म्हणते मी. पाणी कानात गेलं, माफ करा. ओढलं गेलं, माफ करा. तुमच्या तोंडात नसेल तो." सगळे हसले. हिबिनो तर टेबल पुसायचं थांबवून हसला.

बरोबर आहे, माझ्या तोंडात नाही. मुद्रितशोधकाला लागत नाही तो. चुका इतरांच्या असतात.

खेळवाल्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. चार पानं.

११ फेब्रुवारी. सकाळी ६.४५

शोध लागला आहे!

किनुए सकाळी सव्वासहाला देवळाच्या आवारात रेडिओवरच्या कवायतीला जाते, सातपर्यंत येते. फोन स्वयंपाकघरात राहतो. कुलूप नाही. आज घड्याळ बघायला उचलला तर त्यात हाच खेळ. लेक योकोहामाहून आली होती, तिनंच टाकला असणार. वर कोपऱ्यात 'सलग ३११' असं काहीतरी. आवृत्तीचा क्रमांक असावा.

आता विचार असा. कोणतंही पान आधी कच्चं छापतात, तपासतात, मग पक्कं छापतात. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. किनुएचा फोन म्हणजे कच्चं प्रूफ, माझा फोन म्हणजे छपाई.

कच्च्यावर सहाही प्रयत्न वापरले. सहा ओळींत मिळून एक चौकोन पिवळा. उत्तर आपोआप दिसलं : ता-का-रा-मो-नो. खजिना. मग माझ्या फोनवर आधी दोन समंजस चुका केल्या आणि तिसऱ्याला बरोबर. एकदम पहिल्याच ओळीत उत्तर टाकणं असभ्यपणाचं. कुठे थांबायचं ते कळायला संस्कार लागतात.

किनुएच्या फोनवरचे ३११ जाऊन ० झाले. नवी आवृत्ती आली असेल.

मध्येच तिच्या थोरल्या बहिणीचा, ताकायामाच्या सादाएचा फोन. दोनदा. दोन्ही वेळा कापला. साडेसहाला ह्या म्हाताऱ्यांना काय बोलायचं असतं? तिसऱ्यांदा वाजू नये म्हणून फोन बंद करून भातवाढ्याच्या खणात टाकला.

सकाळी ९.१५

फळ्यावर ३! हिबिनोनं आकड्याखाली रेघ ओढली. निवाबाई म्हणाल्या, "अगंबाई, आज काय खाल्लंत?" टोस्टवरचा अझुकी डाळीचा गोड लगदाही आज पहिल्यांदाच नीट लागला.

दुपारी २.००

घरात गोंधळ. शांत डोक्यानं लिहितो.

मी परतलो तर दारात सादाए. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरचा बूट. पहिली गाडी पकडून ताकायामाहून आली. स्टेशनच्या जिन्यावर गुडघा मुरगळला. अंगणात किनुए कपडे वाळत घालत होती. तिला उभी बघितल्यावर ही बाई पायरीवर मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई.

कळलं ते असं. गेल्या वर्षी सादाएचा नवरा गेला, ती एकटी राहते. तेव्हापासून दोघी बहिणींचं ठरलेलं : सकाळी साडेसातच्या आत शब्द सोडवायचा. एकीनं सोडवला की दुसरीच्या फोनवर चौकोन दिसतात. दिसले म्हणजे ठीक आहे, उठली आहे, डोकं जागेवर आहे. किनुए रोज तीन-चारात सोडवते. (!) आज सहा ओळी, एक पिवळा, बाकी राख. फोन केला तर कापला. पुन्हा कापला. मग बंद. त्यांची आई अर्धांगानं गेली, सगळ्यात आधी तिचे शब्द गेले होते.

"मला वाटलं, हिचेही गेले," सादाए म्हणाली. "गाडीत दोन तास मी कोणते कपडे घालावे लागतील त्याचा विचार करत होते."

मी म्हणालो, तांत्रिक बिघाड. हल्ली फोन फार नाजूक झालेत.

किनुए सकाळपासून फोन शोधत होती म्हणे. भात वाढायला खण उघडला, फोन दिसला. तो हातात घेऊन तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भात वाढला. बहिणीला, स्वतःला. मी माझा घेतला.

३११ हा तिच्या सलग दिवसांचा आकडा होता म्हणे. असेल. आकडे पुन्हा चढतात, त्यांचं कामच ते. विषय संपला.

१३ फेब्रुवारी

सादाए गुडघा बरा होईपर्यंत इथेच. डॉक्टरनं महिना सांगितला. टीव्ही मोठ्यानं लावते. माझी एकाग्रता जाते. काल फुली, आज फुली. दोन्हींना तीच जबाबदार.

किनुएचा फोन आता एप्रनच्या खिशात. चार आकडी कुलूपही बसलं. माझी जन्मतारीख टाकून पाहिली. तिची टाकून पाहिली. लग्नाची तारीख आठवत होतो, तेवढ्यात मागून सादाए : "योकोईसान, भात हवा असेल तर खण दुसरा."

घरात पाहुण्यांनी कमी बोलावं.

१५ फेब्रुवारी

कॉफीघरात प्रश्न विचारले जात आहेत. हिबिनो म्हणाला, "ती तीनची लॉटरी लागली होती का?" ह्या लोकांची स्मरणशक्ती फक्त दुसऱ्याच्या अपयशापुरती चालते.

उपाय सापडला. शहराच्या वाचनालयात जनतेसाठी कॉम्प्युटर. साडेनऊला उघडतं. माणशी अर्धा तास. कच्चं प्रूफ तिथे, छपाई 'त्सुगुमी'त साडेदहाला. न्याहारी अकरापर्यंत मिळते. आठची वेळ तशीही मजुरांची.

१८ फेब्रुवारी

१६ला तीन, १७ला दोन, आज तीन. शास्त्राला थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच.

वाचनालयातली हाचिया नावाची मुलगी फार विनयशील. रोज माझ्यासाठी खिडकीजवळचं मशीन ठेवते. म्हणाली, "अभ्यास चाललाय का आजोबा?" म्हटलं, संशोधन. 'आजोबा' सोडून दिलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालय बंद. तत्त्व म्हणून आठवड्यातून एक दिवस मेंदूला विश्रांती. कॉफीघरात गेलो नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

विश्रांती.

रस्त्यात निवाबाई दुकानाचा पडदा लावताना भेटल्या. म्हणाल्या, "तुमची बुद्धी सोमवारी बंद असते वाटतं, वाचनालयासारखी." बायकांना उपमा देण्याची हौस असते. अर्थ काही नसतो.

२ मार्च

निवड झाली!

१७ तारखेला वॉर्डाच्या सभागृहात शब्दमेळावा. प्रत्येक कॉफीघरानं एक जोडी पाठवायची. फोन नाही, व्यासपीठावर मोठा फळा, सगळ्यांदेखत. हिबिनोनं फळ्यावरचे आकडे मोजले आणि माझं नाव पुढे केलं. त्याच्या आयुष्यातला हा पहिला शहाणा निर्णय. दुसरा मात्र लगेच मूर्खपणाचा : जोडीला निवाबाई.

मी म्हणालो, मी एकटा पुरेसा आहे. हिबिनो म्हणाला, "नियमात जोडी आहे. आणि योकोईसान, समजा हुकलंच काही, तर?" हुकण्याचा विचार ह्या लोकांच्या हाडीमाशी आहे.

घरी सांगितलं. सादाए चहा पिता पिता थांबली. "फोन नाही म्हणता? आणि मशीन?" कोणतं मशीन, विचारलं. "काही नाही. कपडे धुण्याचं." किनुए सिंककडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. सर्दी असेल.

९ मार्च

फोनशिवायचा सराव गरजेचा. आज वाचनालय टाळून थेट खेळलो. फुली.

एकाच दिवसावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.

१२ मार्च

चार दिवसांवरूनही.

१६ मार्च

तयारी पूर्ण. चिठ्ठ्या पाठ. सुरुवातीचा शब्द ठरलेला. निवाबाईंना स्पष्ट सूचना दिली : तुम्ही खडू धरायचा, बोलायचं नाही. म्हणाल्या, "बरं. पण खडू मी धरते हे चांगलंच. उद्या तुमचा हात थरथरेल." माझा हात! ज्या हातानं अडतीस वर्षं इतरांचे स्वल्पविराम उडवले.

हात आत्ता थोडा थरथरतोय. थंडी आहे.

१७ मार्च. संध्याकाळ

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सभागृह भरलेलं. सहा जोड्या. पहिल्या रांगेत किनुए आणि काठी टेकून सादाए. परीक्षकांच्या टेबलाशी एक ओळखीचा चेहरा, वाचनालयातली हाचिया. वॉर्डानं मदतीला बोलावली होती. मला बघून तिनं हात हलवला. मी छताकडे पाहिलं.

आमची पाळी. पहिला शब्द तेइकिकेन. पाचही करडे. हरकत नाही, पाच अक्षरं कटली. दुसरा शब्द चिठ्ठ्यांच्या क्रमानं. त्यातला शेवटचा 'नो' हिरवा.

निवाबाई हळूच म्हणाल्या, "वा-सु-रे-मो-नो." विसरलेली वस्तू. "माझ्या दुकानात रोज एक तरी छत्री राहते हो."

मी म्हणालो, 'वा' हे अक्षर माझ्या यादीत एकेचाळिसावं आहे.

"असू दे ना. लिहू?"

नाही म्हणालो. तिसरा चुकला. चौथा चुकला. निवाबाई म्हणाल्या, "योकोईसान, छत्री." पाचवा चुकला. त्यांनी खडू फळ्याला लावला, 'वा'ची पहिली रेघ ओढलीसुद्धा. मी त्यांचा हात धरला. सगळ्यांदेखत. मग सहावा शब्द मी स्वतः लिहिला. 'नो'वरच संपणारा, पण चार अक्षरांचा निघाला. पाचवा चौकोन रिकामा.

उत्तर वासुरेमोनो.

सभागृहात कोणी हसलं नाही. तेवढंच झालं असतं तर मी घरी येऊन सभागृहाच्या दिव्यांना दोष दिला असता. पण हाचिया माईकजवळ होती आणि तिला माझी दया आली. "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, माईकमध्ये. "रोज आमच्याकडे साडेनऊला येऊन आधी उत्तर काढता, वहीत लिहून नेता, किती मेहनत करता तुम्ही! आज मशीन नव्हतं, म्हणून."

मग हसले. मागच्या रांगेपासून सुरू झालं. हिबिनो दोन्ही हातांनी तोंड झाकून. सादाए काठी आपटत. आणि किनुए. किनुए ११ फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसली, डोळे पुसत, वाकून. मी व्यासपीठावर उभा राहून तेच बघत होतो. ती हसताना बरी दिसते, असं त्या वेळी मनात आलं. ही नोंद खोडायची आहे.

निवाबाईंनी खडू माझ्या खिशात ठेवला. "चला, कॉफी पाजते," म्हणाल्या. गेलो नाही.

१८ मार्च, सोमवार

कुठेही गेलो नाही. शब्दांचे खेळ क्षुद्र मनाच्या लोकांसाठी असतात. आकड्यांची कोडी अधिक प्रामाणिक. उद्यापासून आकडे.

१९ मार्च

आकडे कंटाळवाणे आहेत.

२१ मार्च

सादाए आज परत गेली. स्टेशनवर तिची पिशवी मी उचलली. गाडी यायला वेळ होता. ती म्हणाली, "तुम्ही माझा फोन कापला तेव्हा मी चुलीवर दूध ठेवून निघाले होते. शेजारणीनं कुलूप तोडलं म्हणून घर वाचलं." मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, पिशवी जड आहे, वर ठेवतो. ती म्हणाली, "ठेवा." गाडी हलेपर्यंत मी खिडकीशी उभा होतो.

घरी किनुए म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला एका फुलीची लाज वाटली. फळ्यावरच्या. खडूच्या."

मी शेहेचाळीस चिठ्ठ्या गोळा केल्या, दोरीनं बांधल्या आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवल्या. तिनं पाहिलं. रात्री भात तिनं वाढला.

२४ मार्च. सकाळी ७.१५

नवी जबाबदारी स्वीकारली आहे.

किनुए म्हणाली, आता सकाळचा शब्द आपण टेबलावर बसून एकत्र सोडवू, तिच्या फोनवर. पहिला प्रयत्न माझा, पुढचे तिचे. सल्लागारपद म्हणायला हरकत नाही. तज्ज्ञाला पहिला मान देतात, ही रीतच आहे.

गेले तीन दिवस पहिला शब्द मीच देतो. तिन्ही दिवस पाचही चौकोन करडे. आज मी म्हणालो, बघ, उद्यापासून तूच सुरुवात कर हवं तर.

"नको, नको," ती म्हणाली. "तुमचाच असू दे. तुमचा पूर्ण चुकतो ना, म्हणून पाच अक्षरं एका झटक्यात कटतात. मला फार सोपं पडतं."

आज दोनात सुटला.